धारवाडचे ठसे आणि बिंदुचित्रांची रूपांतरे

जुन्या लेखाची प्रत घेतली म्हणजे तो लेख सुरक्षित झाला, असा समज आपल्या अभ्यासकांत रूढ आहे. पूर्वी ही प्रत हाताने होत असे, मग ती कॅमेऱ्याने होऊ लागली, आता स्कॅनरने होते. आणि साधन जितके नवे तितकी प्रत विश्वसनीय, हे आपण न तपासताच गृहीत धरतो. वस्तुतः प्रत एकदा होऊन थांबत नाही. ती ज्या रूपात साठविली त्या रूपाचे आयुष्य संपत आले की तिची दुसऱ्या रूपात प्रत करावी लागते, आणि पुढे तिसऱ्या. या प्रत्येक स्थित्यंतरात काय टिकवावे व काय सोडून द्यावे याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. तो लिपी जाणणाऱ्या माणसाने घेतला, की लिपी न जाणणाऱ्या यंत्रावर सोपविला, यावर पुढच्या वाचकाच्या हाती काय पडणार हे ठरते. संगणकातील चित्रांच्या रूपांतराचा इतिहास आम्ही येथे याच दृष्टीने पाहणार आहोत. त्यासाठी धारवाड-हुबळीचा परिसर निवडण्याचे कारण असे की, लेखाच्या प्रतीची जवळजवळ सर्व रूपे गेल्या दोनशे वर्षांत या एका मुलखाने पाहिली आहेत.

१९९७ मध्ये गदग व हावेरी हे जिल्हे वेगळे होण्यापूर्वी धारवाड जिल्हा फार विस्तृत होता. लक्कुंडी, अण्णिगेरी, गदग, हनगल ही शिलालेखांनी संपन्न गावे त्यात मोडत. वॉल्टर एलियट हे कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी १८२० नंतरच्या दशकात या प्रांतात आले; १८२४ च्या कित्तूरच्या उठावात ते काही काळ बंदीही होते. त्यांनी स्थानिक लेखकांच्या साहाय्याने ५९५ शिलालेखांच्या हस्तलिखित प्रती जमविल्या, आणि त्यांवर आधारलेला त्यांचा निबंध १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चालुक्यांच्या इतिहासाचा पाया या संग्रहाने घातला. परंतु हाताने केलेल्या प्रतीचा स्वभावच असा की, लेखकास जे अक्षर वाचता येते ते तो नीट उतरवितो आणि जे वाचता येत नाही तेथे परिचयाचे अक्षर बसवितो. प्रत स्वच्छ दिसते. तिच्यातील शंकास्थळे मात्र नाहीशी झालेली असतात. पुढील संशोधकांना पुन्हा शिळेकडे जावे लागले ते यामुळेच.

१८६६ साली धारवाड व म्हैसूर येथील वास्तूंच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. डॉ. पिगू, नील आणि कर्नल बिग्ज यांनी घेतलेली छायाचित्रे, मेडोज टेलर यांचा ऐतिहासिक परिचय आणि जेम्स फर्ग्युसन यांची वास्तुविषयक टिपणे असे त्याचे स्वरूप होते. त्याच साली टी. सी. होप यांनी या भागातील शिलालेखांच्या छायाचित्रांचा संग्रहही सिद्ध केला. कॅमेरा लिपी जाणत नाही, म्हणून तो अक्षर बदलत नाही, हा मोठाच लाभ होता. पण झिजलेली शिळा छायाचित्रात नीट उमटत नाही. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत पांढरा रंग भरून मग छायाचित्र घेण्याची चाल त्या काळी होती. म्हणजे कॅमेऱ्यापुढे शिळा येण्याआधीच एका माणसाने तिचे वाचन करून टाकलेले असे, आणि छायाचित्र त्या वाचनाची साक्ष देत असे.

जॉन फेथफुल फ्लीट यांनी ही अडचण ओळखली. शिळेवर ओला कागद ब्रशने ठोकून बसवावयाचा, वरून शाई लावावयाची, आणि तो ठसा शिळाछापावर यांत्रिक रीतीने उतरवावयाचा. मध्ये कोणीही हाताने रेघ सुधारावयाची नाही, असा त्यांचा आग्रह होता. १८७२ पासून निघू लागलेल्या ‘इंडियन अँटिक्वेरी’तील अनेक पट्टे या रीतीने छापलेले आहेत. फ्लीट यांनी आपले वाचन दिले, पण त्याच्या शेजारी न सुधारलेला ठसाही दिला. त्यामुळे त्यांचे वाचन न पटल्यास वाचकास स्वतः तपासण्याची सोय राहिली. १९३९ साली तत्कालीन मुंबई सरकारने धारवाडास कन्नड संशोधन संस्था स्थापन केली, तेव्हा आर. एस. पंचमुखी यांच्या देखरेखीखाली या प्रांतातील लेखांच्या प्रकाशनाचे काम याच शिस्तीने पुढे चालले.

मराठी बाजूचा इतिहासही असाच आहे. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्यास वेढा घालून बसले होते. टिपूवरील त्या स्वारीच्या काळातील मोडी पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’मुळे बालबोध रूपात सर्वांस उपलब्ध झाला. मोडीतून बालबोधीत आणणे हेही एक रूपांतरच होय. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दही तोडलेले नसतात. बालबोध प्रतीत दिसणारी ऱ्हस्व वेलांटी किंवा शब्दांमधील अंतर ही संपादकाची देणगी आहे, मूळ पत्राची नव्हे. जाणता संपादक ती विवेकाने देतो. पण मूळ मोडी पान नजरेआड झाले, तर देणगी कोणती व ठेव कोणती हे सांगता येणार नाही.

आता संगणकाकडे वळू. स्कॅनर पानाचे बारीक चौकटींत विभाजन करतो आणि प्रत्येक चौकट किती काळी आहे हे अंकाने नोंदवितो. अशा बिंदूंच्या मांडणीस आम्ही ‘बिंदुचित्र’ म्हणतो. आणि ते अंक फाइलमध्ये ज्या क्रमाने व ज्या संक्षेपाने ठेवले जातात, त्या पद्धतीस येथे ‘बांधणी’ म्हणू. साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असे पुस्तकाचे पान इंचास ६०० बिंदू या प्रमाणात टिपले, तर ३,३०० गुणिले ५,१००, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस करड्या रंगाच्या २५६ छटांपैकी एक द्यावयाची तर सुमारे १७ मेगाबाइट जागा लागते; केवळ ‘काळा की पांढरा’ एवढेच नोंदवावयाचे तर सुमारे २ मेगाबाइट पुरतात. या आठपट फरकातच पुढील बऱ्याच नुकसानीचे मूळ आहे.

काळ्यापांढऱ्या बिंदुचित्रांच्या संक्षेपाची रीत ग्रंथालयांसाठी निघाली नव्हती. ती दूरध्वनीच्या तारेवरून कागद पाठविणाऱ्या फॅक्स यंत्रांसाठी निघाली. १९८० साली आंतरराष्ट्रीय समितीने ‘ग्रुप ३’ आणि १९८४ साली ‘ग्रुप ४’ ही मानके मान्य केली. सलग पांढरे किती व सलग काळे किती, एवढेच मोजून त्या लांबींना सांकेतिक खुणा देणे हे पहिल्याचे तत्त्व. वरच्या ओळीपेक्षा या ओळीत काय बदलले तेवढेच नोंदविणे हे दुसऱ्याचे. या रीती ठरविताना कसोटीस घेतलेल्या आठ पानांत इंग्रजी, फ्रेंच व जपानी मजकूर होता. भारतीय लिपीचे एकही पान नव्हते. तथापि या दोन्ही रीतींत संक्षेपामुळे बिंदू गळत नाही, हे त्यांच्याबाबत न्यायाने सांगितले पाहिजे. धोका आहे तो निराळा. ग्रुप ४ मध्ये प्रत्येक ओळ वरच्या ओळीवर अवलंबून असल्याने, मध्ये एक खूण बिघडली तर तिच्या खालचा सर्व भाग विस्कटतो.

१९८६ साली आल्डस कंपनीने ‘टिफ’ ही बांधणी प्रचारात आणली. तिच्या पोटात अनेक प्रकारचे संक्षेप, फॅक्सचे संक्षेपही, ठेवता येतात. म्हणून ग्रंथालयांनी ती स्वीकारली. पण हीच मोकळीक रूपांतर करणाऱ्यास अडविते. फाइलच्या आरंभीची दोन अक्षरे सांगतात की पुढील अंक डावीकडून वाचावयाचे की उजवीकडून. आणखी एक नोंद सांगते की शून्य म्हणजे पांढरा की काळा. तिसरी सांगते की इंचास आडवे बिंदू किती व उभे किती. यांपैकी एक नोंद चुकीची वाचली तरी चित्र येते, पण भलतेच येते. ग्रुप ३ च्या साध्या फॅक्समध्ये इंचास आडवे २०४ व उभे ९८ बिंदू असतात. ते सारखे मानून रूपांतर केले तर पान निम्म्या उंचीचे होऊन अक्षरे दबून बसतात. काळ्यापांढऱ्याची नोंद उलटी वाचली तर पान काळे व अक्षरे पांढरी होतात. छापील पुस्तकात ही चूक तत्काळ लक्षात येते. शिलालेखाच्या ठशात मात्र पार्श्वभूमी काळी व अक्षरे पांढरी हेच मूळ रूप असते. तेथे ‘सुधारणा’ करणारे स्वयंचलित यंत्र योग्य प्रतच उलटी करून ठेवू शकते, आणि मूळ ठसा न पाहिलेल्या वाचकास ते कळतही नाही.

या शतकाच्या आरंभी कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एन. बालकृष्णन् यांच्या पुढाकाराने भारतीय ग्रंथांचे प्रचंड प्रमाणावर स्कॅनिंग सुरू झाले. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या नावाने ते ओळखले जाते. मराठी व कन्नड पुस्तके, तसेच ‘इंडियन अँटिक्वेरी’चे जुने खंड यामुळे घरबसल्या पाहता येऊ लागले, या कार्याचे ऋण कोणीही अभ्यासक नाकारणार नाही. पाने इंचास ६०० बिंदू, काळीपांढरी, टिफ बांधणीत व ग्रुप ४ च्या संक्षेपाने ठेवण्याचे प्रमाण ठरले होते. लाखो पुस्तकांचा संकल्प आणि त्या काळच्या साठवणीची किंमत पाहता हा निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु करड्या छटांतून काळेपांढरे करताना एक मर्यादा ठरवावी लागते: तिच्याहून गडद ते काळे, फिकट ते पांढरे. पिवळ्या पडलेल्या कागदावरील फिकट शाईची रेघ या मर्यादेच्या अलीकडे पडली की ती कायमची गेली. फ्लीट यांनी ज्या पट्ट्यांसाठी एवढा कटाक्ष पाळला, ते पट्टे अशा प्रतींत पुष्कळदा काळ्या डागांसारखे उमटलेले दिसतात. पुढे त्या फाइलचे कोणत्याही उत्तम बांधणीत रूपांतर केले, तरी गेलेली छटा परत येत नाही. मोडीतून न मिळालेला ऱ्हस्व-दीर्घ बालबोध प्रतीने पुरवावा, तसे यंत्र फार तर एक अंदाज पुरविते.

येथे आपल्या लिपीचा प्रश्न उभा राहतो, आणि धारवाडसारख्या द्वैभाषिक नगरात तो विशेष स्पष्ट होतो. स्कॅन केलेल्या पानावरील धुळीचे कण पुसण्यासाठी ‘आजूबाजूस काही न चिकटलेला लहान काळा ठिपका काढून टाक’ अशी आज्ञा यंत्रास देतात. कन्नड लिपीत अनुस्वार हे ओळीतच लिहिलेले पुरते वर्तुळ असते. या आज्ञेने ते सहसा पुसले जात नाही. देवनागरीत अनुस्वार म्हणजे शिरोरेषेच्या वर सुटा पडलेला ठिपका. यंत्राच्या दृष्टीने तो आणि धुळीचा कण एकच. मग ‘मंद’चा ‘मद’ होतो, ‘अंत’चा ‘अत’ होतो; आणि १९६२ पूर्वीच्या मराठी पुस्तकांत, जेथे व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार पानोपानी आहेत, तेथे भाषेच्या इतिहासाचा एक थरच खरवडून निघतो. कन्नडला धोका दुसरीकडून आहे. तेथे ‘द’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘भ’ यांतील भेद खालच्या एका लहानशा रेघेचा असतो, आणि मर्यादा कडक ठरविली की ती रेघ जाते. एकच यंत्र, एकच आज्ञा; पण नुकसान लिपीगणिक वेगळे.

याहून गंभीर प्रकार अक्षरांच्या बदलीचा आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एटी अँड टी प्रयोगशाळेत ‘देजाव्हू’ ही बांधणी निघाली, आणि २००० साली ‘जेबिग २’ हे मानक आले. दोहोंत अशी युक्ती आहे की, पानावर पुनःपुन्हा येणाऱ्या आकृतीचे चित्र एकदाच साठवावयाचे आणि इतरत्र केवळ तिचा निर्देश करावयाचा. सौम्य रीतीने वापरल्यास हे निर्दोष आहे. पण जागा आणखी वाचविण्यासाठी ‘जवळजवळ सारख्या’ आकृतीही एकच मानल्या की अनर्थ होतो. २०१३ साली जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून निघालेल्या बांधकामाच्या नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ असा आकडा छापून आला होता. आकडा पुसट नव्हता. स्वच्छ व ठळक होता, आणि खोटा होता. कंपनीने नंतर दुरुस्ती पुरविली, आणि जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने दस्तऐवजांच्या स्कॅनिंगसाठी ही पद्धत वर्ज्य ठरविली. वाचता न आलेल्या जागी परिचयाचे अक्षर बसविणारा जुना लेखकच जणू येथे यंत्रात शिरला होता.

या बाबतीत आपल्या लिपीस तिच्या शिरोरेषेने काहीसे रक्षण दिले आहे. कन्नड किंवा रोमन छपाईत प्रत्येक अक्षर सुटे असते, म्हणून बदली अक्षराची होते. देवनागरीत शिरोरेषेमुळे सबंध शब्द एकच आकृती बनतो, आणि मोडीत तर आधी ओढलेल्या रेषेला सारी ओळच लोंबलेली असते; अशा दोन आकृती जवळजवळ सारख्या निघणे कठीण. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा जागोजाग तुटलेली असते. तेथे अक्षरे सुटी पडतात, आणि मग ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘ब’ व ‘व’ यांच्या बाबतीत तोच धोका उभा राहतो.

बांधण्या मरतात कशा, हेही पाहिले पाहिजे. कारण रूपांतराची गरज तेथूनच निर्माण होते. काही मालकीमुळे मरतात: वैयक्तिक संगणकावरील चित्रकलेच्या कार्यक्रमाबरोबर आलेली ‘पीसीएक्स’ त्या कार्यक्रमाबरोबरच मागे पडली. काहींवर कायद्याचे सावट येते: १९८७ च्या ‘जिफ’मधील संक्षेपावर पेटंट असल्याचे पुढे आले, आणि त्याला पर्याय म्हणून १९९६ साली ‘पीएनजी’ सिद्ध झाली. काहींचे वाचकच जातात: ब्राउझरांनी जोडपुरवण्यांस आश्रय देणे थांबविल्यावर देजाव्हू वाचणे सामान्य वाचकास अवघड झाले, आणि २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्या बांधणीत नव्या प्रती करणे सोडून दिले. भारतीय ग्रंथांच्या उपर्युक्त प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळही आज चालू नाही. त्यातील लाखो पुस्तके कार्ल मालामुद यांच्या प्रयत्नाने त्याच इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, पण तेथे ती पीडीएफच्या रूपात, म्हणजे आणखी एका रूपांतरानंतर, आली आहेत.

या गोंधळात एक शहाणपणाची युक्तीही निघाली. वीस बांधण्या असतील, तर प्रत्येकीतून प्रत्येकीत नेणारे ३८० परिवर्तक लिहावे लागतील. १९८८ च्या सुमारास जेफ पॉस्कॅन्झर यांनी अत्यंत साधी अशी एक मधली बांधणी घेऊन हा प्रश्न सोडविला: प्रत्येक बांधणी आधी तिच्यात आणावयाची व मग तिच्यातून हवी तेथे न्यावयाची, मग ४० परिवर्तक पुरतात. ‘पीबीएम’ या तिच्या मूळ रूपात बिंदू अक्षरशः शून्य व एक या आकड्यांनी लिहिलेले असतात. पत्रातून पाठविता यावेत म्हणून केलेली ही सोय आज निराळ्या कारणाने मोलाची वाटते. उद्या सर्व कार्यक्रम नष्ट झाले, तरी असे चित्र माणूस चौकटीच्या वहीत हाताने भरून काढू शकेल. मात्र अशा साध्या बांधणीत यंत्राचे नाव, इंचास किती बिंदू, दिनांक या टिपा राहत नाहीत. मधल्या मुक्कामी बिंदू सुखरूप पोहोचतात, पण त्यांची जन्मकथा गळून पडते.

तात्पर्य, बांधणी जुनी की नवी हा मुख्य प्रश्न नव्हे. धारवाडच्या शिळांच्या बाबतीत फ्लीट यांनी जी शिस्त घालून दिली, ती बिंदुचित्रांस लावली पाहिजे. पहिली प्रत करड्या छटांत किंवा रंगांत, बिंदू न गळणाऱ्या संक्षेपाने, टिफ अथवा पीएनजी बांधणीत घ्यावी व तिला पुन्हा हात लावू नये. वाचनासाठी, मुद्रणासाठी, पाठविण्यासाठी ज्या प्रती करावयाच्या त्या या पहिल्या प्रतीवरून कराव्यात. प्रतीवरून प्रत करू नये. ठिपके पुसण्याची आज्ञा मराठी पानास देऊ नये, द्यावीच लागली तर ती वाचनप्रतीपुरती द्यावी. कोणती कृती कोणत्या क्रमाने केली याची नोंद फाइलबरोबर, साध्या मजकुरात, ठेवावी. जेपेग बांधणी अक्षरांच्या कडांभोवती बारीक डाग निर्माण करते. तिच्यावरून काळीपांढरी प्रत केली तर हे डाग नसलेल्या अनुस्वारांसारखे दिसू लागतात. भ्रमणध्वनीवरून निरोपाबरोबर पाठविलेली छायाचित्रे बहुधा असा संक्षेप होऊनच पोहोचतात, हे घरोघरच्या मोडी कागदांची चित्रे गोळा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ती दस्तऐवज म्हणून पाठविण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

शेवटी एक काम असे आहे की जे केवळ अध्यापकच करू शकतात. एखाद्या संग्रहाचे रूपांतर हाती घेण्यापूर्वी त्यातील एक कठीण पान निवडावे: अनुस्वार दाट असलेले, जोडाक्षरांनी भरलेले, एखादा कोपरा फिकट झालेले. त्याचे रूपांतर करून दोन्ही पाने शेजारी ठेवावीत आणि अनुस्वार मोजावेत. मुळात १४३ असतील व प्रतीत १३१ निघाले, तर उरलेल्या हजारो पानांचे काय होणार हे यंत्र चालू करण्याआधीच कळते. ही मोजणी संगणकतज्ज्ञ करणार नाही, कारण गेलेला ठिपका अर्थाचा होता हे त्यास ठाऊक नसते. वर्गात शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकास ते ठाऊक असते. साहित्यसंस्थांनी आपापल्या जुन्या अंकांचे व दप्तरांचे काम बाहेरच्या मंडळींकडे सोपविताना अशा एका शिक्षकाची सही त्या करारात आवश्यक ठरवावी, एवढीच आमची सूचना आहे.